उपाशी पायलट

विकी रामटेके मालगाडी चालवायचा आणि गेला दीड महिना घरी खोटं बोलायचा. पहिल्या कामात तो तरबेज होता. दुसऱ्यातही हळूहळू होत चालला होता.

रायपूरच्या गुढियारीत त्याचं घर. आजोबा भंडाऱ्याकडून रेल्वेच्या कामावर आले ते इथलेच झाले. वडील शामराव वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात फिटर होते, आता निवृत्त. विकी मात्र घरातला पहिला लोको पायलट. आई अंजनाबाई विहारात गेली की कोणी न विचारताच सांगायची, "माहा पोट्टा इंजिन चालवते."

हा पोट्टा चाळिशीला टेकला होता आणि वजन शंभरीला. ड्यूटीला वेळ-काळ नाही, जेवणाला नाही. लॉबीत, म्हणजे ड्यूटीच्या हजेरीच्या ऑफिसात, सही केली की बाहेर समोसे, परतताना पुन्हा समोसे. पायाची एक जखम भरेना म्हणून तो समता कॉलनीतल्या एका डॉक्टरकडे गेला, तर साखर निघाली. काय काम करता, हे ऐकल्यावर डॉक्टर म्हणाले, "रेल्वेच्या दवाखान्यात कळवा. आणि ही गोळी घेतली की उपाशी राहायचं नाही. चक्कर येईल, शुद्ध जाईल. कळलं?"

विकीनं मान हलवली. कळवलं काही नाही. ठरलेली वैद्यकीय तपासणी अडीच-तीन महिन्यांवर होती. तिच्यात साखर सापडली की इंजिनावरून खाली उतरवतील आणि कुठल्यातरी ऑफिसात खुर्चीवर बसवतील, याची त्याला भीती होती. तेवढ्या दिवसांत वजन उतरवायचं, साखर उतरवायची आणि कोणाला पत्ता लागायच्या आत धडधाकट होऊन डॉक्टरांपुढे उभं राहायचं, असं त्यानं मनाशी पक्कं केलं.

जिममधला पियुष त्याच्या ओळखीचा. तो म्हणाला, "भैया, सोळा घंटे पेट खाली ठेवायचं, आठ घंट्यात जेवून घ्यायचं. सोबत रोजची एक्सरसाइज. भूखे मरायचं नाही, बस वेळ पाळायची." आणि मग त्यानं विचारलं, "शुगर-बीपीची दवाई तर नाही न चालू?"

"छे," विकी म्हणाला.

पहिले काही आठवडे छान गेले. सकाळी कसरत, दुपारी पहिलं जेवण, दिवस मावळला की दुसरं, आणि मग तोंड बंद. पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. इंजिनाच्या शिडीवर चढताना धाप लागेना. लॉबीतले लोक म्हणू लागले, "का बे विकी, हिरो होऊन राहिला का?" ते ऐकायला त्याला फार गोड वाटायचं. इतकं, की वजनाचा काटा एका जागी अडकला तेव्हा तो घाबरलाच. सोळाचे अठरा तास झाले, अठराचे वीस. मग दिवसातून एकच जेवण. कसरत मात्र वाढली. आणि गोळी चालूच होती, कारण साखर उतरवायची होती.

घरातलं वातावरण तंग झालं. अंजनाबाई ताट वाढून बसायची आणि तो पाणी पिऊन उठायचा.

"काहून रे, जेवत काहून नाहीस? आपण ते उपासतापास केव्हाचे सोडले, अन् तू घरात परत घेऊन आला!"

"तो उपास वेगळा, आई. हा सायन्सचा आहे."

शामराव पेपर बाजूला ठेवून त्याच्याकडे नुसते पाहायचे. बायको दीक्षा मात्र गप्प बसणारी नव्हती. साखरेचं एकट्या तिलाच माहीत होतं.

"गोळी घेऊन उपाशी राहून राहिले का तुम्ही?"

"गोळी बंद केली न. डॉक्टर बोलला, आता गरज नाही."

"केव्हा गेले होते डॉक्टरकडे?"

"गेलो होतो. आता पोलिसासारखी चौकशी नको करू."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. त्यानं बुटांच्या नाड्या बांधायला मान खाली घातली, आणि नाड्या बांधताना आपली बोटं थरथरतायत हे तिला दिसू नये म्हणून जरा वळून बसला.

त्या दिवशी सकाळी तो जिममध्ये नेहमीपेक्षा जास्त वेळ पळाला. आदल्या दुपारनंतर पोटात काही गेलं नव्हतं. घरी येऊन त्यानं गोळी घेतली; थोड्या वेळानं जेवणारच आहे, असं त्यानं स्वतःला सांगितलं. तेवढ्यात ड्यूटीचा फोन आला. दीक्षानं घाईघाईनं डबा भरून पिशवीत टाकला. "गाडीवर चढायच्या आधी खा," ती म्हणाली. "हव, हव," म्हणत तो निघाला. डबा खाल्ला नाही. तास मोजायची सवय लागली होती. थोडं अजून ताणलं तर काटा हलेल, असं वाटलं.

कोळशाच्या रिकाम्या वॅगन कोरब्याकडे न्यायच्या होत्या. असिस्टंट होती शर्मिष्ठा काळे, रायपूरच्याच तात्यापाऱ्यातली. नोकरीला दोन वर्षं झालेली, मोजकं बोलणारी, पण सिग्नल पुकारताना आवाज असा खणखणीत की विकीला तिच्यासोबत ड्यूटी लागली की बरं वाटायचं. दोघांचा नियम सरळ होता: तिनं रंग पुकारायचा, त्यानं तोच परत म्हणायचा.

उरकुरा गेलं. मांढर गेलं. उन्हानं रूळ चमकत होते. विकीच्या मानेवर घाम आला. पुसला तर हाताला गार लागला.

"ग्रीन," शर्मिष्ठा म्हणाली.

"ग्रीन," तो म्हणाला.

मग जीभ जड झाली. छातीत धडधड वाढली. त्यानं पाण्याची बाटली काढली तर झाकण उघडेना. शर्मिष्ठानं ती त्याच्या हातातून घेतली, उघडून दिली.

"भैया, तब्येत बरी नाही का? चेहरा पांढरा पडला तुमचा."

"गर्मी आहे."

"डबा आहे न पिशवीत? दोन घास खाऊन घ्या. मी पाहून राहिले समोर."

"तू तुह्या बाजूनं पाह्य न!" तो एकदम खेकसला. आपण इतक्या मोठ्यानं का ओरडलो, हे त्याचं त्यालाच कळलं नाही.  शर्मिष्ठा समोर पाहत होती आणि त्याच्याकडेही.

सिलयारी मागे पडलं. विकीला बरं वाटू लागलं. निदान तसं वाटलं. सगळं लांब गेल्यासारखं झालं होतं, इंजिनाचा आवाजही. सावधपणाचं बटण दर थोड्या वेळानं दाबायचं असतं, नाहीतर गाडी आपोआप थांबते; ते हात सवयीनं दाबत होता. हात त्याचा होता की नाही, एवढंच नक्की सांगता आलं नसतं.

"डबल यलो," शर्मिष्ठा म्हणाली.

तो काही बोलला नाही.

"भैया, डबल यलो!"

"हव," तो म्हणाला. डबल यलो म्हणजे पुढे थांबायची तयारी ठेवायची, पण गाडी आहे त्याच वेगानं जात राहिली.

पुढचा सिग्नल आला. त्याला तो स्वच्छ दिसत होता. रंगही दिसत होता. पण त्या रंगाला काय म्हणतात आणि तो दिसला की काय करायचं असतं, ते काही केल्या आठवेना. जिभेवर येऊन अडकलेल्या एखाद्या नावासारखं ते डोक्यात नुसतं घुटमळत होतं. आठवेल आता, असं म्हणत तो हसला. शर्मिष्ठानं त्याला हसताना पाहिलं.

"यलो! विकीभैया, ब्रेक लावा! ब्रेक!"

त्यानं मान तिच्याकडे वळवली. ही पोट्टी का ओरडते, असा काहीसा विचार मनात आला, आणि वळणावरून लाल दिसला. लालच्या पलीकडे, रुळांवर, उभ्या मालगाडीचा शेवटचा डबा.

शर्मिष्ठानं तिच्या बाजूचा इमर्जन्सी ब्रेक ओढला.

हवा फुत्कारत सुटली. मागच्या वॅगन एकमेकींवर आदळत, कर्कश ओरडत थांबायला लागल्या. विकीचं कपाळ समोर आपटलं. लाल दिवा जवळ येत होता, अजून जवळ, आणि शर्मिष्ठा तोंडानं "थांब, थांब, थांब" असं पुटपुटत होती. गाडी सिग्नलच्या अलीकडेच उभी राहिली. समोरच्या डब्यावर खडूनं लिहिलेले आकडे वाचता येत होते.

"कोणी लावला ब्रेक?" विकी जड जिभेनं म्हणाला. "मले विचारल्याशिवाय कोणी लावला?"

 तिनं स्वतःच्या बॅगेतून आंब्याच्या ज्यूसचं पाकीट काढलं, नळी टोचली आणि त्याच्या ओठांना लावली. त्यानं तोंड फिरवलं. तिनं त्याची हनुवटी धरली.

"प्या. माझ्या बाबांना पण शुगर आहे. मला दिसते काय होऊन राहिलं ते. प्या म्हणते न!"

तो प्यायला. मग तिनं त्याच्याच डब्यातली पोळी आणि गूळ हातात दिला. हळूहळू आवाज जवळ आले. उन्हाचा चटका जाणवला, कपाळावरचं टेंगूळ ठणकलं. मग समोरचा लाल सिग्नल दिसला, त्याच्यामागचा डबा दिसला, आणि या वेळी काय दिसतंय ते त्याला पूर्ण कळलं. त्याच्या घशातून रडण्यासारखा आवाज निघाला.

वॉकीटॉकी खरखरला. मागून गार्ड साहू विचारत होता, "पायलट साहब, क्या हुआ? इमर्जन्सी काहे लगी?"

दोघांनी त्या सेटकडे पाहिलं. शर्मिष्ठाच्या हाताजवळ होता.

"गाय आडवी आली म्हण," विकी कुजबुजला. "शर्मिष्ठा, तुले हात जोडतो. रोजच येते जनावर आडवं. कोण विचारते?"

 पुढची गाडी हलू लागली. साहूनं पुन्हा विचारलं.

"मला तुम्हीच शिकवलं," ती शेवटी म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज तोच, सिग्नल पुकारतानाचा. "मी खोटं नाही बोलणार. तुमच्याबद्दल खरं पण मला नाही बोलायचं. तुम्ही बोला." आणि तिनं सेट त्याच्या मांडीवर ठेवला.

विकीच्या डोळ्यांपुढे खुर्ची आली, ऑफिसातली, पंख्याखालची. विहारातून घरी येणारी आई आली. मग त्यानं तो खडूनं आकडे लिहिलेला डबा पाहिला, जो आता हळूहळू दूर चालला होता. हा डबा मालगाडीचा होता. तो पॅसेंजरचाही असू शकला असता. खिडकीत कोणी बसलेलं असतं.

त्यानं बटण दाबलं.

"साहूजी, पायलट की तबियत खराब है. मैं गाड़ी नहीं चला पाऊंगा. कंट्रोल को बोलो, दूसरा पायलट भेजे."

दुसरा पायलट येईपर्यंत गाडी तिथेच उभी राहिली. मागच्या गाड्या अडकल्या, वरून फोन आले. विकीला पुढच्या तिल्दा स्टेशनवरून गाडीनं रायपूरला, रेल्वेच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी सगळं विचारलं आणि त्यानं सगळं सांगितलं: समता कॉलनी, गोळी, वीस-वीस तास. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"उपाशी राहणं काहींना मानवतंही," त्या म्हणाल्या. "पण या गोळीवर नाही, आणि कोणाला न सांगता तर नाहीच."

त्याला इंजिनावरून उतरवलं. चौकशी झाली, पगारवाढ थांबली, आणि लॉबीतल्या ऑफिसात, ड्यूट्या लावायच्या टेबलावर त्याला बसवलं. पुढचं काय ते सहा महिन्यांनी तपासून ठरणार होतं.

घरी शामराव फक्त एवढंच म्हणाले, "थांबली न गाडी? मग बस झालं." आणि आतल्या खोलीत गेले. अंजनाबाईनं रडून घेतलं आणि त्याच्यासाठी भाकर टाकली. दीक्षा मात्र कित्येक दिवस त्याच्याशी कामापुरतंच बोलली. एका संध्याकाळी भांडी आवरता आवरता तिनं पाठमोरीच राहून म्हटलं, "तुम्ही मेले असते, त्याचं नाही सांगून राहिले मी. तुम्ही माह्या तोंडावर 'बंद केली' म्हणाले. मी त्यावर विश्वास ठेवून डबा भरला."

 तो उठून तिच्या शेजारी उभा राहिला आणि धुतलेली भांडी पुसून ठेवू लागला. तिनं त्याला हटकलं नाही.

डॉक्टरांनी गोळी बदलली. तीन वेळा थोडं थोडं खायचं, रात्री लवकर जेवायचं, रोज चालायचं. वजन अगदी सावकाश उतरलं. कधी आठवडाभर जागचं हललं नाही, तर विकीला पुन्हा ती जुनी धास्ती वाटायची आणि तो ती दीक्षाला सांगायचा. पियुषला त्यानं स्वतः जाऊन खरं सांगितलं. पियुष खूप वेळ डोकं धरून बसला.

टेबलावर बसून इतरांच्या ड्यूट्या लावताना सुरुवातीला त्याला मान वर करवत नसे. शर्मिष्ठा सही करायला आली की दोघंही एकमेकांची नजर चुकवायचे. मग एकदा, दुपारच्या गर्दीत, तिनं सही केली आणि विचारलं, "जेवले का, भैया?"

"हव. तू?"

"जेवले."

तिनं बॅग खांद्याला लावली आणि ती गाडीकडे निघून गेली.

सहा महिन्यांनी तपासणी झाली. साखर आटोक्यात होती, पण वैद्यकीय बोर्डानं लगेच इंजिन दिलं नाही. आणखी काही महिने पाहू, म्हणाले. विकी घरी आला तेव्हा दीक्षा दारातच उभी होती.

"काय बोलले?"

पूर्वीचा विकी म्हणाला असता, सगळं बरं आहे. तो पायरीवर बसला, कागद तिच्या हातात दिला आणि पहिल्यापासून सांगायला लागला.