गाढ झोपेतला पंप

मला ऑफिसात सगळे 'चौकशी' म्हणतात, आणि ते नाव ताईनेच ठेवलंय. ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण. रुग्णाच्या शिरेत थेंबाथेंबाने औषध सोडणारा आमचा पंप तिने जिवाचं रान करून उभा केला. आज संध्याकाळी पहिली खेप इस्पितळात जाणार होती. ती गेली की ताई विभागप्रमुख.

आमच्याकडे एक रीत आहे. ज्याने पंपाचं कुलूप, म्हणजे त्याची सुरक्षा, बनवली, त्याने पंप तपासणीच्या टेबलावर माझ्यापुढे ठेवायचा आणि खोलीबाहेर जायचं. सूचना नाहीत, खाकरणंसुद्धा नाही. ताई बाहेर गेली खरी, पण काचेला नाक लावून उभी राहिली.

मी पासवर्ड टाकून प्रोग्रॅममधली औषधाची कमाल मात्रा वाढवली आणि पंप बंद करून चालू केला. सुरू होताना तो आतल्या प्रत्येक प्रोग्रॅमवरची कंपनीची डिजिटल सही तपासतो. सही जुळेना, तसा तो हटून बसला. शहाणं बाळ! काचेपलीकडे ताईची बत्तिशी दिसली.

खरं तर इथेच थांबायचं. पण माझा मेला स्वभाव गप्प बसू देईल तर ना! पंप सुरू व्हायला फार वेळ लावतो अशी नर्स मंडळींची कुरकुर होती. म्हणून ताईने त्याला गाढ झोपेची सोय करून दिली होती. झोपताना चालू असलेलं सगळं डिस्कवर उतरवून ठेवायचं, उठल्यावर तेच उचलून पुढे चालू. मग उठताना तो सही बघतो का?

मी त्याला झोपवलं, डिस्कवर उतरलेल्या माहितीत मात्रा दहापट केली आणि उठवलं. 'सुरक्षित'चा हिरवा दिवा लागला, आणि पडद्यावर दहापट मात्रा. मला आधी आनंदच झाला. मग मी काचेवर टकटक करून ताईला बोलावलं.

ताई आत आली. "परत करून दाखव."

मी केलं.

"सरक, आता मी करते." तिलाही जमलं. ती खुर्ची ओढून बसली, डोळे लकाकत होते. "कर्नल," ती म्हणाली. पंपाचा सगळा कारभार बघणारा मुळातला प्रोग्रॅम तो. "दारातून येणाऱ्याची झडती घेतो, पण झोपेतून उठला की उशाशी असेल ते आपलंच समजतो. भोक त्याचं आहे गं. पण झोपायला मी शिकवलं."

"ताई, खाली गाडी भरतायत."

तिचा चेहरा उतरला. तिने साहेबांना फोन लावला, स्पीकरवर, आणि सगळं सांगितलं.

साहेब वैतागले. "अहो, आधी पंप हाती लागायला हवा, मग पासवर्ड. इतकी उठाठेव मुद्दाम कोण करणार? जाऊ दे खेप, दुरुस्ती मागाहून पाठवू. तुमच्या बढतीच्या कागदावर सही करायला बसलोय मी."

ताईने माझ्याकडे पाहिलं.

"साहेब, माझ्या बहिणीने हे नुसत्या कुतूहलापोटी केलं, चहा गार व्हायच्या आत. मुद्दाम करणाऱ्याला किती वेळ लागेल?"

उत्तराची वाट न बघता ती गाडी थांबवायला जिन्याकडे धावली.