पाचवे हँडल

माधवीने नवे हँडल स्टुलावरच्या व्हॉल्व्हला बसवले आणि मारुतीरावांना डोळे मिटायला सांगितले.

"आता फिरवा. पाणी कुठल्या हौदात जाईल?"

मारुतीरावांनी डाव्या हाताने चाचपले. उजवा हात मांडीवर तसाच होता. भाजलेली कातडी आखडून बोटे आत वळली होती.

"उजवीकडच्या. पर कड जरा बोचतीया."

तिने वहीत लिहून घेतले.

निपाणीजवळच्या एका सूत रंगवायच्या कारखान्यात मारुतीराव उकळते पाणी या हौदातून त्या हौदात वळवायचे. व्हॉल्व्हला तोंडे तीन. हँडल आडवे दिसले की तो बंद वाटे, प्रत्यक्षात डावीकडे उघडा असे. बंद आहे असे समजून त्यांनी डावा हौद साफ करायला उजवा हात आत घातला होता. त्या व्हॉल्व्हचे ड्रॉइंग बेळगावच्या वर्कशॉपमध्ये माधवीनेच केले होते.

नवे हँडल एका टोकाला निमुळते होते. टोक जिकडे, पाणी तिकडे. पाच रविवार ती बेळगावच्या शहापूर भागातल्या आपल्या खोलीला कुलूप लावून, निपाणीची बस धरून मारुतीरावांच्या घरी येत होती. दर वेळी मारुतीराव नव्या हँडलात काहीतरी खोट काढत. एक जड, एक निसरडे.

तिने वही मिटली.

"मारुतीराव, आधीचं हँडल माझंच होतं. पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं."

"ठावं हाय मला."

"मग घरात कसं घेतलंत?"

"तुमी आलासा म्हणून. दुसरं कोण आलं न्हाई."

तिने हँडलच्या कडेवरून बोट फिरवले. "ही कड घासून आणते. पुढच्या रविवारी."

मारुतीराव दाराबाहेर बघत राहिले.

"बोचत न्हाई वो. पयल्या रविवारी आणल्यालं हँडलबी चांगलंच हुतं. तुमी येत ऱ्हावं म्हणून खोट काढत हुतो."

माधवीने स्टुलावरच्या हँडलकडे पाहिले.

"कारखान्यात वीस ठिकाणी अजून जुनंच हँडल आहे," ती हळूच म्हणाली.

"व्हय. त्येच मनाला खायला लागलं. घेऊन जावा हे."

सोमवारी नव्या हँडलचे ड्रॉइंग मंजूर झाले. शनिवारपर्यंत विसाव्या ठिकाणचे हँडलही बदलून झाले.

रविवारी दुपारी मारुतीरावांनी दार उघडले, तर समोर माधवी.

"आता काय ऱ्हायलं?"

"काही नाही," ती म्हणाली आणि तिने चपला काढल्या.