दिवा लागलाय, दार उघडू नका

मी लाल दिवा बोलतोय. नाही, चौकातल्या सिग्नलकडे बघू नका, तो माझा कोणी लागत नाही. मी फोटो स्टुडिओतला, डार्करूमच्या दारावरचा. आत्ता एका म्हातारीच्या खिडकीत पडून आहे. माझी वायर कापलेली आहे आणि बल्बही काढून घेतलाय.

तरुणपणी माझा काय रुबाब होता म्हणून सांगू! मालक आत जायचे, आतून कडी लावायचे, बटण दाबायचे आणि मी बाहेर लागायचो. मी लागलो की आत फोटो धुणं चाललंय. अशा वेळी कोणी दार उघडलं, तर उजेड आत शिरणार आणि नवरानवरीसकट सगळं वऱ्हाड काळंठिक्कर पडणार. म्हणून भल्याभल्यांना मी दाराबाहेर ताटकळत ठेवलंय. एकदा तर खुद्द मालकांच्या सासरेबुवांना. ते बाकावर बसून चरफडत होते आणि वहिनी, म्हणजे मालकांची बायको, तोंडाला पदर लावून हसत होती.

वहिनी रोज दुपारी डबा घेऊन यायची. मी लागलेला दिसलो की निमूट बाकावर बसायची. मी विझलो की दार ठोठावून म्हणायची, "झाले का पाहुणे गोरेगोमटे?" आतून मालकांचं हसू ऐकू यायचं. त्या दोघांचं फार गोड चाललं होतं हो.

मालकांना एक भागीदार होता. बोलायला साखर, पण माणूस सरळ नव्हता. फोटो काढायला आलेल्या मुलींचे तो चोरून वेगळे फोटो काढायचा. एक दिवस ते मालकांच्या हाती लागले. डार्करूममध्ये दोघांचं कडाक्याचं वाजलं. मालक म्हणाले, "उद्या त्या मुलींच्या वडलांना बोलावतो. तुझं तोंड काळं झालेलं सगळ्या गावाला दिसू दे." मग काहीतरी जड आदळल्याचा आवाज आला. आणि मग मी लागलो.

मला मालकांनी लावलं नव्हतं. त्या मेल्याने जाता जाता बटण दाबलं आणि दार ओढून घेतलं.

थोड्या वेळाने वहिनी डबा घेऊन आली. तिने माझ्याकडे बघितलं. भागीदार हात पुसत म्हणाला, "लग्नाचे फोटो धुतोय तो. आत्ताच मी स्वतः फोटो धुवायच्या औषधाचे ट्रे भरून देऊन आलो. दार उघडू नका हं वहिनी, सगळं वाया जाईल."

वहिनी बसली. डबा मांडीवर ठेवून बसली. आतून कण्हल्यासारखा बारीक आवाज आला, तेव्हा तिने मान वर केली. पण मी लागलेलाच होतो! जन्मभर कधी खोटं न बोललेला मी, त्या दिवशी माझ्याकडून खोटं वदवून घेतलं. विझता आलं असतं, फुटता आलं असतं, तर मी फुटलो असतो हो.

अंधारून आलं तेव्हा कुठे लोकांनी दार उघडलं. मालकांचा पाय घसरून डोकं बेसिनवर आपटलं असं सगळ्यांनी ठरवलं. डॉक्टर म्हणाले, "दुपारीच आणलं असतं तर वाचले असते." हवालदाराने भागीदारालाच सांगितलं, "तुमचा कॅमेरा आहेच, खोलीचे दोन फोटो काढून द्या." त्याने काढले.

आणि वहिनीच्या कपाळी काय आलं? "नवरा आत तडफडत होता अन् ही बाहेर बसून होती!" सासूने तोंडावर म्हटलं, नणंदेने पाठीमागे म्हटलं. तिला स्वतःलाही ते खरंच वाटत होतं. भागीदार मात्र चार लोकांत मान मिळवून, म्हातारा होऊन, गादीवर मेला.

पुढे दुकान भाड्याने गेलं. भिंतीत ओल शिरली, वायरी कुजल्या आणि मी मनात येईल तेव्हा लागायला लागलो. शिंप्याने डार्करूमच्या भिंतीला हात लावला तर असा झटका बसला, की तो शिवणयंत्र तिथेच टाकून पळाला. ब्यूटी पार्लरवाली बेशुद्ध पडली. झालं! मालकांचं भूत म्हणून गावभर बोभाटा. भूतबीत काही नव्हतं, ओल होती. पण माणसांना प्लंबर बोलावण्यापेक्षा भूत परवडतं.

मग ही दोघं आली. कॉलेजातली आतेमामे भावंडं. तिचा चष्मा गोल, म्हणून ती घुबड. त्याचा आवाज मोठा, म्हणून तो भोपू. भुताटकीच्या जागा शोधून व्हिडिओ काढायचे, हा त्यांचा उद्योग. किल्ली मागायला ती वहिनीकडे गेली. वहिनी आता पांढऱ्या केसांची आजी झालेली. ती किल्ली घेऊन स्वतःच आली आणि त्याच बाकावर बसली.

"पोरांनो, तो खरंच आत असेल तर एवढंच विचारा," ती म्हणाली, "मी दार उघडलं नाही म्हणून रागावलायस का?"

भोपूने मोबाइल खाली घेतला. घुबडने तिचा हात दाबला, "विचारते, आजी."

एकटीच आत जाताना घुबडने भोपूला बजावलं, "दिवा लागला तरी दार उघडायचं नाही. काही आवाज आला तरी नाही. सगळं रेकॉर्डिंग वाया जाईल."

अगं बाई, नको! पण माझं ऐकतो कोण? दार बंद झालं. आत ती फडताळं धुंडाळत होती, पत्र्याचा डबा खाली काढल्याचा आवाज आला. आणि मी लागलो. पाठोपाठ आत धप्प झालं.

"लागला! आजी, बघा, लागला!" भोपू मोबाइल माझ्यावर रोखून नाचायला लागला.

"दार उघड," आजी म्हणाली.

"नको ना, ती म्हणालीये..."

"मेन स्विच बंद कर आधी! तुझ्या रेकॉर्डिंगला आग लागो!"

इतक्या मोठ्याने ती उभ्या जन्मात ओरडली नसेल. भोपू धावला. मी विझलो. आजीने काठी टाकली आणि अख्खं अंग दारावर झोकून दिलं. दार उघडलं. घुबड भिंतीशी पडली होती, तळहात भाजलेला, चष्मा लांब उडालेला. आजीने तिला ओढून बाहेर आणलं, मांडीवर घेतलं, गालावर चापट्या मारल्या. "ऊठ गं बाई. ऊठ. मी उघडलंय दार." घुबडने डोळे उघडले, तेव्हा भोपू लहान पोरासारखा हमसून रडला.

तिच्याबरोबर डब्यातल्या निगेटिव्ह बाहेर सांडल्या होत्या. फोटोवाला माणूस काय वाटेल ते करेल, पण निगेटिव्ह फेकणार नाही, त्या भागीदारालाही ते जमलं नव्हतं. आजीने एक उचलून उजेडाकडे धरली. फोटोग्राफरची बायको ती, तिला उलटी चित्रं वाचता येत होती. त्या संध्याकाळची खोली होती ती.

"ट्रे खिळ्यांना टांगलेत," ती हळूच म्हणाली. "सगळे. कोरडे. तो म्हणाला होता, मी भरून दिले."

भोपू म्हणाला, "म्हणजे आजोबा फोटो धुतच नव्हते?"

"नव्हते." तिने निगेटिव्ह छातीशी धरली. "मग दिवा त्यानेच लावला. त्यानेच मारलं रे माझ्या माणसाला."

वायरमनने दुसऱ्याच दिवशी मला काढलं. टाकून देणार होता, आजीने मागून घेतलं. घुबड हाताला पट्टी बांधून अधूनमधून येते. तिने ती सगळी हकिगत लोकांना सांगितली. नणंदसुद्धा येऊन रडून गेली. पण काल घुबड म्हणाली, "आजी, आता तरी स्वतःला दोष देऊ नका. तुमची काय चूक?" तेव्हा आजीने मला उचलून पदराने पुसलं.

तुम्हाला माझं एवढंच सांगणं आहे. दारावर दिवा कुठलाही लागलेला असू दे, आतल्या माणसाला एकदा हाक मारा. फोटो काय, पुन्हा काढता येतात.

आजी शेवटी म्हणाली, "चूक नव्हती, कळलं गं मला. पण त्या दिवशी आतून कडी लावलेली नव्हती. दार नुसतं लोटलेलं होतं."