रिसोडची गाडी, फलाट तीन

“थांब! आधी कुंकू लावू दे,” म्हणत आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, माझ्या हातातली वायर बाजूला सारली आणि टेबलावरच्या काळ्या डबीला हळदीकुंकू लावलं. वर चिमूटभर अक्षता टाकल्या, उदबत्ती ओवाळली. नारळ तेवढा मी त्यांच्या हातातून काढून घेतला.

“ट्रॅक्टर घेतला का आपण?” मामाजी, माझे सासरे, खुर्चीतून म्हणाले.

“तुमी गप बसा. नवी वस्तू घरात आली, तिले असंच सुरू करतेत का?”

ती डबी म्हणजे डॅक. माझ्या नवऱ्याने, भागवतने, पुण्याहून कुरिअरने पाठवलेला. कॉम्प्युटर आणि हेडफोन यांच्या मधे बसायचं आणि आवाज स्वच्छ करून द्यायचा, एवढंच त्याचं काम. मी शिकलेली सून, म्हणून घरातली प्रत्येक वायर माझ्या गळ्यात. मिक्सर बंद पडला तरी मीच, टीव्हीला मुंग्या आल्या तरी मीच. शिकल्याचा पस्तावा होतो तो असा.

माझे सासरे रामराव एसटीत वाहतूक नियंत्रक होते. म्हणजे स्टँडवरच्या त्या छोट्या खोलीत माईकपुढे बसून कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली ते पुकारणारे. सारा जन्म पुकारण्यात गेला, पण त्यांच्या तालुक्याच्या स्टँडवरचा भोंगा असा, की डब्यात कोंबडी कोंडल्यासारखा आवाज यायचा. मामाजींनी पुकारलं रे पुकारलं की लोक खिडकीशी येऊन विचारायचे, “कोणती लागली, भाऊ?” मग मामाजी पुन्हा तोंडी सांगायचे.

तेवढ्यावर भागलं असतं. पण आत्याबाईंकडे एक किस्सा होता. लग्नात, बारशात, हळदीकुंकवात, चार बाया जमल्या की तो निघायचाच. मला तर मी सासरी आले त्याच आठवड्यात ऐकवला.

“नवी नवरी होती मी. पयल्या दिवाळीले माहेरी रिसोडले निघाली. स्टँडवर बसली. यायनंच गाडी पुकारली अन् मलेच समजली नाई! डोयापुढून गेली रिसोडची शेवटची गाडी. अख्खा तालुका गेला माहेरी, मी बसली बाकड्यावर पिशवी घेऊन!”

सगळे पोट धरून हसायचे. मामाजीही हसायचे, पण हसताना कान खाजवायचे. एकदा मी आणि ते दोघेच तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो, तेव्हा एकदम म्हणाले, “निता, माहा आवाज चांगला होता वं. भोंगा खराब होता.” आणि हे ते इतक्या मनापासून म्हणाले, की मला वाईट वाटलं. माणसाला साऱ्या नोकरीची एवढीच एक खंत असावी आणि ती घरातच रोज चेष्टेला यावी, हे काही बरं नाही.

गेल्या वर्षी निवृत्त झाले तेव्हा डेपोतल्या लोकांनी त्यांना जाड पिनेचा भारी हेडफोन दिला. आणि बुकिंगच्या दौलतसिंगने शेवटच्या दिवशी त्यांच्या तोंडाजवळ मोबाईल धरून त्यांचं पुकारणं टिपून घेतलं होतं. भोंगा मधे नाही, नुसता आवाज! पण मोबाईलवर लावलं तर तीच कोंबडी. कॉम्प्युटरला हेडफोन लावला तर मागून नुसती खर्रर्र. म्हणून ही डबी.

मी डबी कॉम्प्युटरला जोडली. हिरवा दिवा लागला. मामाजींनी हेडफोन चढवला, मी रेकॉर्डिंग लावलं. चिडीचूप. मामाजींनी डबीचं बटण फिरवून फिरवून शेवटाला नेलं.

“बिघडली.”

“आता तर लावली, मामाजी!”

भागवतला फोन लावून मोबाईल टेबलावर ठेवला. तो म्हणाला, “अगं, कॉम्प्युटर अजून जुन्या स्पीकरलेच आवाज पाठवून राह्यला असंन. खाली कोपऱ्यात स्पीकरचं चित्र आहे, ते दाब आन् डॅकचं नाव निवड.”

मी निवडलं. बटण शेवटाला होतंच.

“अरे बाप्पा रे!” मामाजी खुर्चीतून उडाले. हेडफोन गळ्यात आला. मी घाईघाईने बटण मागे घेतलं. त्यांनी तो परत कानाला लावला, डोकं इकडे कललं, तिकडे कललं.

“एकाच कानात येऊन राह्यलं. उजवा कान मुकाच हाये.”

“पिन पुरती बसली का?” भागवत.

नव्हती बसली. थोडी बाहेरच राहत होती. मी दाबली, मामाजींनी दाबली, आत्याबाईंनी तर दोन्ही हातांनी दाबली. काही उपयोग नाही.

“पीसच खराब दिसते. वापस पाठवून देऊ,” भागवत म्हणाला.

मामाजींचा चेहरा पडला. “राहू दे. एका कानानं आयकतो मी. तेवढ्यानं काय होते?”

ते ऐकून माझ्या डोक्यातच गेलं. सारा जन्म अर्धवट ऐकवलं, आता स्वतःही अर्धवट ऐकायचं? मी वायर काढली, हेडफोन काढला, मोबाईलची टॉर्च लावून पिनेच्या भोकात डोकावले. आत काहीतरी लालसर पांढरं होतं.

“आत्याबाई, अक्षता कुठं टाकल्या होत्या?”

“वर टाकल्या. आत कायले जातीन?”

मी डबी उलटी करून तळहातावर ठोकली. दोनदा काही नाही, मग कुंकवात भिजलेला तांदूळ टपकन पडला. मामाजींनी आत्याबाईंकडे पाहिलं. त्या जराही वरमल्या नाहीत. दाणा उचलून देव्हाऱ्यात ठेवून आल्या आणि म्हणाल्या, “देवानं पाह्यलं आत जाऊन. आता चालंन.”

पिन टक्क करून बसली. मामाजी ऐकत राहिले, डोळे मिटून, पाठ ताठ, ड्यूटीवर बसल्यासारखे. मग हेडफोन काढला आणि पदरावरूनच आत्याबाईंच्या डोक्यावर चढवला.

“आयक. अन् मंग बोल काय बोलायचं ते. निता, रिसोडची लाव.”

मी लावली. आत्याबाई आधी हसत होत्या. मग हसू थांबलं. त्या स्वतःशीच पुटपुटल्या. म्हणजे त्यांना वाटलं, आपण पुटपुटतोय. कान झाकलेल्या माणसाला आपला आवाज कळत नाही, हे त्यांना कोण सांगणार?

“असंच!” त्या ओरडल्या. “खिडकीशीच बसली होती मी, त्या दिवशीबी असंच साफ आयकू आलं होतं! रिसोडची गाडी, फलाट तीन! समदं समजलं होतं मले! पण जायाचं मनच झालं नाई! तुमाले आयकत बसली होती मी!”

भिंतीपलीकडे शेजारच्या भागिरथाबाईंची धुण्याची मोगरी थांबली. टेबलावरून भागवतचा आवाज आला, “आई?” मी फोन बंद केला.

आत्याबाईंनी हेडफोन काढला. आमची तोंडं पाहिली. “काहून असे पाहून राह्यले?” आणि मग एकदम पदर तोंडाशी नेला. “मी... मोठ्यानं बोलली का?”

मामाजींचे डोळे भरले होते. त्यांनी खाली पाहून चांगली सरळ असलेली वायर उगीच सरळ केली.

“बोलली कायतरी,” ते म्हणाले. “मले काई समजलं नाई. भोंगा खराब हाये.”

आत्याबाई चहा ठेवायला आत गेल्या. मामाजींनी हेडफोन पुन्हा कानाला लावला. मी रेकॉर्डिंग लावायला गेले, तर त्यांनी हातानेच नको म्हटलं आणि आत्याबाईंचं मघाचं बोलणंच कानात धरून ठेवल्यासारखे ते बसून राहिले.