चुकून लागला

“पासवर्ड अ‍ॅडमिन ठेवलाय मावशी, पुढे एक-दोन-तीन-चार. विसरायची भीतीच नाही. मी सगळ्यांकडे हाच ठेवतो!” कॅमेरेवाला शिडीवरून म्हणाला, आणि असा हसला जसं काही मला बक्षीसच दिलंय.

“सगळ्यांकडे?”

“सगळ्यांकडे. कुणाचाही फोन आला तरी मला पाठ असतो.”

“म्हणजे तुमच्याकडून कॅमेरे बसवून घेतलेला कुणीही घरबसल्या माझं स्वयंपाकघर बघणार? उतरा खाली आधी!”

बिचारा उतरला. पन्नाशीचा माणूस, कानावर पेन्सिल, कामाला वाघ. वायर अशी ओढली होती की भिंतीवरून कुठून गेली ते शोधावं लागावं. पण आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसलेल्या बाईला असल्या गोष्टी सांगायच्या नसतात. लाइन म्हटली की मध्येच कान लावणारं कुणीतरी असतंच, हे मी त्याला काय शिकवू? सरळ लेकीला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

लेक राहते समुद्रापलीकडे. हा सगळा घाट तिचाच. गेल्या महिन्यात मी कपडे वाळत घालताना मागच्या पायरीवरून पडले आणि शेजारणीला माझी हाक ऐकू जाईपर्यंत तशीच पडून राहिले. मोडलं काहीच नाही, नुसता मुका मार. पण लेकीच्या तोंडचं पाणी पळालं. “आता एकटी राहायचं नाही. घराला कुलूप लाव आणि माझ्याकडे ये,” हेच तिचं पालुपद. मी म्हटलं, तुझ्याकडे येऊन काय करू? काचेतून रस्ता बघत बसू? माझं घर आहे, माझी माणसं आहेत, बाजारात मला ओळखतात. भांडण विकोपाला गेलं, तेव्हा कुठे तडजोड निघाली. घरात कॅमेरे बसवायचे आणि ते तिला तिकडून दिसायला हवेत. तेही त्याच रविवारी. नाही जमलं, तर ती माझं तिकीट काढणार होती. ती बोलली की करते, माझीच लेक आहे.

तर अ‍ॅडमिनचं ऐकून ती फोनमधूनच ओरडली, “काय? आणि राउटरचं काय केलंत? बाहेरून थेट यायला वाट उघडलीय का?”

“उघडलीय ना ताई,” कॅमेरेवाला अभिमानानं म्हणाला. “पटकन दिसतं.”

“पटकन दिसतं, पण सगळ्या जगाला! आधी ती बंद करा.”

मग तिनं त्याच्याकडून एकेक काम करून घेतलं. ती वाट बंद झाली. रेकॉर्डर नावाचा तो डबा आधी ताजा करून घेतला, त्याला अपडेट म्हणतात. मग व्हीपीएन नावाचं काहीतरी सुरू झालं. मी विचारलं, हे काय नवीन? लेक म्हणाली, “आई, तुझ्या भाषेत सांगायचं तर खासगी लाइन. माझ्या फोनपासून आपल्या घरापर्यंत. मध्ये कुणाला काही ऐकू येत नाही की दिसत नाही.”

“मग असं सांग ना! कळलं मला.” अंगात कसा उत्साह संचारला! इतक्या वर्षांनी कुणीतरी माझ्या घरी लाइन टाकत होतं, आणि तीही स्वतंत्र.

“आता पासवर्ड तू ठेव,” लेक म्हणाली. “फक्त आपल्या घरालाच माहीत असेल असा. आणि फोनवर बोलायचा नाही. मलासुद्धा सांगायचा नाही, नुसती खूण सांग.”

मला विचार करावाच लागला नाही.

लेक लहान होती तेव्हा तिला धाप लागायची. मी दुपारपाळीला एक्स्चेंजवर, ती बाबांबरोबर त्यांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात. ड्यूटीवर घरचं बोलायची सक्त मनाई, शेजारी सुपरवायझरबाई डोळे वटारून बसलेल्या. आणि माझा जीव तिकडे टांगणीला. मग ह्यांनी युक्ती काढली. दुपारी दुकानातला फोन उचलायचे; तेव्हा फोन उचलला की थेट एक्स्चेंजवर आम्हालाच लागायचा. मी “नंबर सांगा” म्हटलं की म्हणायचे, “माफ करा, चुकून लागला.” म्हणजे पोरगी जेवली, झोपली, धाप नाही. मी ऑफिसच्या आवाजात सांगायची, “हरकत नाही, ठेवा.” बस्स. माझा जीव भांड्यात पडायचा. एकदाच त्यांनी “दवाखाना द्या” म्हटलं. ती लाइन मी कशी जोडली, माझं मला ठाऊक. बोर्डावरच्या भोकात प्लग खोचून लाइन जोडायची, तो प्लगच भोकात जाईना.

त्यामुळे पासवर्ड ठरलेलाच होता. मी कॅमेरेवाल्याला म्हटलं, “भिंतीकडे तोंड करा.” तो शाळेत शिक्षा झाल्यासारखा निमूट उभा राहिला. मी इंग्रजी अक्षरांत तो टाइप केला, खात्री म्हणून दोनदा, आणि फोनमध्ये म्हटलं, “बाबा दुपारी मला काय सांगायचे?”

“अगं आई,” लेक एवढंच म्हणाली. मग, “थांब, टाकते.”

आम्ही दोघं श्वास रोखून. फोनमधून आवाज आला, “चूक दाखवतंय.”

“नीट टाक.”

“नीटच टाकतेय! परत चूक. आई, तू नक्की तेच टाकलंस ना?”

“माझं टायपिंग काढतेस?”

तिनं आणखी एकदा टाकून पाहिलं. तरी नाही. मग ती जरा घाबरलीच. “आता एकच संधी आहे. तीही चुकली तर डबा लॉक होईल आणि मग सगळं पहिल्यापासून. आज रविवारीही मला कामावर निघायचंय गं. आई, स्पेलिंग सांग ना!”

“नाही सांगणार. तूच म्हणालीस, फोनवर बोलायचा नाही.”

“ते मी म्हणाले, पण आता मीच सांगतेय ना!”

“खिडकी उघडी आहे, शेजारीण कान देऊन बसलीय, हे गृहस्थ इथे उभे आहेत.”

“मी कानात बोटं घालू का?” भिंतीकडे बघतच कॅमेरेवाला म्हणाला.

“मेसेज तरी कर मग!”

“मेसेज म्हणजे तर पुरावाच!”

“आई, तुझ्या हट्टापायी तुला इकडे यावं लागेल. मी खरंच तिकीट काढेन!”

सगळं जमलं होतं आणि एका अक्षराशी घोडं अडलं होतं. आपली मराठी इंग्रजी अक्षरांत लिहायची म्हणजे ही अशी फजिती, जो तो आपल्या मनानं लिहिणार. मी ‘चुकून’मधल्या ‘कू’ला दोन ओ लावले होते, शाळेत बाईंनी तसंच शिकवलं होतं. आजकालची ही पोरं एका यूवर भागवतात. पण हे सांगायचं कसं? आणि एकदम सुचलं! खुर्चीतून उठलेच मी.

“ए, ऐक! त्या ‘कू’ला बाबांचा चष्मा लाव!”

“काय?”

“बाबांचा चष्मा गं! गोल गोल भिंगांचा! तो लाव त्याला!”

कॅमेरेवाल्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. म्हातारीचं डोकं फिरलं असंच त्याला वाटलं असणार. फोनमध्ये बटणांची टकटक ऐकू आली. मग लेक हसायला लागली, हसता हसता तिचा आवाज फुटला, आणि मागाहून किंचाळी, “दिसलं! आई, दिसलं! तू दिसतेयस! उभी कशाला आहेस, बस ना खाली!”

मी टाळ्या वाजवल्या. कॅमेरेवाल्यानंही वाजवल्या, कशासाठी ते न कळता. मी त्याला चहा दिला, बिस्किटं दिली, आणि जाताना बजावलं, की बाकीच्यांकडे जाऊन आधी त्यांचे पासवर्ड बदलून या. “तुमच्यापासूनच सुरुवात समजा मावशी,” म्हणाला आणि खरंच गेला.

तिकीट काढायचं बारगळलं. आणि हो, तुम्हाला हे सगळं सांगितलंय म्हणजे पासवर्ड केव्हाच बदललाय. उगाच प्रयत्न करू नका.

लेक रोज बघते. कॅमेऱ्यातून तिला बोलताही येतं, पण बोलत नाही, कामात असते. मलाही आता त्याचं काही वाटत नाही. काल दुपारी जेवून भांडी विसळत होते. घरात मी एकटीच. आणि दिवाणखान्यातल्या कपाटावरून, जिथे तो कॅमेरा ठेवलाय तिथून, आवाज आला.

“माफ करा, चुकून लागला.”

मी नळ बंद केला. ओले हात पदराला पुसत कॅमेऱ्यासमोर येऊन उभी राहिले, तिला नीट दिसेन अशी. घसा जरा खाकरला.

“हरकत नाही,” ऑफिसच्या आवाजात म्हटलं, “ठेवा.”

तिनं लगेच ठेवला नाही.