दाजींनी बसवलेला पट्टा

माझी ताई एकदा नाही म्हणाली की ब्रह्मदेवाचा बाप आला तरी तिचं हो होत नाही.

"पट्टा बदलायचा नाही. ह्यांनी स्वतः बसवलाय."

दाजी माझे गुरू. हे गॅरेज त्यांचंच, पाना धरायला त्यांनीच मला शिकवलं. जाण्याआधी त्यांनी केलेलं शेवटचं काम म्हणजे स्वतःच्या गाडीच्या इंजिनातला हा पट्टा, टायमिंग बेल्ट. त्याला सात वर्षं झाली. तेव्हापासून ताई दर रविवारी इंजिन चालू करते, आवाज ऐकते आणि बंद करते. गाडी शेडबाहेर गेली नाही, आणि तीही फारशी कुठे गेली नाही.

आता तिला शेजारच्या शहरातल्या शाळेत ग्रंथपालाची नोकरी लागली होती. उद्यापासून रोज हायवेने जाणं-येणं.

"गाडी चाललीच कुठे? नवाच आहे पट्टा," ती म्हणाली.

"रबर आहे ते, ताई. उभ्या उभ्याही म्हातारं होतं. लाख किलोमीटर किंवा पाच वर्षं, जे आधी होईल ते. चालता चालता तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आपटतील. इंजिन भंगारात आणि तू भर रस्त्यात."

ती ढिम्म हलली नाही. मीही तिचाच भाऊ. कव्हर काढलं आणि पट्टा बोटांनी वाकवून दाखवला. दातांच्या मुळाशी बारीक भेगा पडल्या होत्या. ताईने त्यांवरून हळूच बोट फिरवलं. मला तिचा राग येत होता आणि दाजींची आठवणही, दोन्ही एकदम.

"हे असते तर?" तिने विचारलं.

"कधीच बदलून मोकळे झाले असते. वर मलाच झापलं असतं, इतके दिवस झोपा काढत होतास का म्हणून."

ताई हसली. बाह्या वर सारल्या.

"सरक. मी बसवते. तू नुसतं सांग."

तिला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. तरी जुना पट्टा निघाला, नवा चढला, ताण बसला. मग तिनेच पान्याने इंजिन सावकाश दोन फेरे फिरवलं आणि पट्ट्याच्या चाकांवरच्या खुणा पुन्हा जुळल्या का ते वाकून पाहिलं. जुळल्या होत्या. गाडी एका दमात सुरू झाली. ताईने ती शेडबाहेर काढली आणि काच खाली केली.

"आता पुढचा कधी?"

"पाच वर्षांनी."

दाजी गेल्यापासून ताईने पुढच्या आठवड्याबद्दलही कधी बोलणं काढलं नव्हतं. आता ती ओठांतल्या ओठांत हिशेब करत होती.

"छे रे," ती म्हणाली. "रोजचं जाणं-येणं, शिवाय सुट्टीत मी लांब भटकणार. लाख किलोमीटर त्याच्या आधीच होतील."