वहिनीची भाषा

चष्म्यांच्या दुकानामागच्या खोलीत बाबा कॉम्प्युटरसमोर बसून परक्या भाषेत विचारत होते, "माझी खोली कुठे आहे?" पडद्यावर खाली अर्थ उमटत होता, म्हणून चहाचे कप घेऊन दारात उभ्या असलेल्या मुलीला कळलं. धडा शिकवणाऱ्या कॉम्प्युटरने पुन्हा म्हणायला सांगितलं. बाबांनी पुन्हा म्हटलं, गिऱ्हाइकाशी बोलावं तशा अदबीने.

तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. काल ते "मला एक तिकीट हवं" असं घोकत होते. आज खोली. भाषा वहिनीची, म्हणजे दादाच्या परदेशी बायकोची. त्यातून मागच्या आठवड्यात कुणी गृहस्थ काचा घासायचं यंत्र विकत घ्यायला म्हणून बघून गेला होता. पाणी कुठे मुरतंय हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा? आई गेल्यापासून घर आणि दुकान दोघांनी मिळून रेटलं होतं. आता म्हातारबुवा एकटेच लेकाकडे निघाले होते.

"प्रगती आहे," ती म्हणाली.

"मास्तर कडक आहे. जीभ जरा अडखळली की लाल फुली."

"या वयात हा उपद्व्याप कशाला?"

"मेंदूला गंज चढतो गं, छोटे."

"गंज काढायला दुसरी भाषा मिळाली नाही?"

बाबा हसले. चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले, "तू पोलिसात जायला हवं होतंस. ग्रंथालयात उगाच वाया गेलीस."

ताकास तूर लागू देईनात. मला मागे टाकून जाणार का, हे सरळ विचारणं तिलाही जमलं नाही. "कप विसळून ठेवा," ती म्हणाली. "तिकडे सगळं स्वतःच करावं लागतं म्हणे."

"तिकडे कुठे?"

कप तिथेच ठेवून ती कामावर गेली. दुपारी ग्रंथालयात शेजारच्या शिंप्याचा फोन आला. बाबा दुकानातच कोसळले होते. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं.

दादा-वहिनी आले. वहिनीकडे ती तिरक्या नजरेनेच बघत होती. हिनेच बाबांना बोलावणं धाडलं असणार. भेटायला येणारी माणसं ओसरल्यावर वहिनी मागच्या खोलीत आली, बाबांच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून बराच वेळ बोलली आणि बोलता बोलता रडली.

"काय म्हणते?" तिने मागोमाग आलेल्या दादाला विचारलं.

"बाबा फार चांगले होते म्हणते," दादा म्हणाला.

"एवढं बोलली ती आणि तू एका ओळीत उरकतोस? मध्ये 'छोटी' म्हणाली. दोनदा."

वहिनीने त्याच्याकडे बघून काहीतरी तोडून म्हटलं.

"सांगतो," दादा म्हणाला. "मी कामावर असताना बाबा हिला फोन करायचे. मोडकंतोडकं बोलायचे. तुला आमच्याकडे पाठवायचं होतं त्यांना. म्हणायचे, पोरगी माझ्यापायी वाळून चाललीय, तिला जरा जग बघू दे."

"आणि ते?"

"इथेच. यंत्र विकून नुसत्या फ्रेमा विकत बसणार होते."

"मग तुला का नाही विचारलं?"

"आधी मलाच विचारलं होतं. मी म्हटलं, बायको नको म्हणते." दादा फरशीकडे बघत राहिला. "हिला मी विचारलंच नव्हतं. घर लहान, वर कटकट नको... त्यांना माझा संशय आला. मधला माणूसच नको म्हणून भाषा शिकायला बसले."

म्हणजे संशय तिने वारशातच घेतला होता. फक्त बाबांनी तो योग्य माणसाचा घेतला.

वहिनीने हलक्या आवाजात काही विचारलं.

"येशील का, विचारते," दादा म्हणाला. "आता तरी."

तिने मान हलवली. ती हो होती की नाही, तिलाही ठाऊक नव्हतं. ती खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली. दादा आणि वहिनी ऐकत होते, पण तिने आवाज खाली आणला नाही.

"बाबा, तुमच्यावाचून मला करमत नाही हो."